6174 चे गुरुजी : द. रा. कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी डहाणू येथे झाला. आई लहानपणीच गेली. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना 1927 मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पुढे 1930 ते 1962 देवळालीला शाळामास्तर. हाताशी यंत्र नाही. फक्त कागद, पेन्सिल आणि आकड्यांचं वेड. त्यातूनच 1949 मध्ये 6174 ची गंमत सापडली.

चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळांत 6174 येणारच!

आपल्याकडे अनेकांना हा पोरखेळ वाटला. 1975 मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी लिहिलं, तेव्हा कुठे जगाला सर कळले. त्याच सुमारास प्रोग्रॅम करता येणारे हातातले कॅल्क्युलेटर आले होते. अशा यंत्रासाठी याहून चांगला पहिला प्रोग्रॅम मला तरी सुचत नाही. आपल्या मोहर्लीकडच्या पोरांजवळ तो नसला तर पाटी आहेच.

1986 मध्ये सर गेले. मुलांना त्यांचं जन्मवर्षच द्या, 1905. शून्यही अंक धरायचा बरं का! पहिली पायरी 9510 − 0159 = 9351. पूर्ण सात पायऱ्या लागतात.