वजनाचा वैरी : कॉलिन चॅपमन

लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील मोटार प्रदर्शनात 1957 मध्ये ‘लोटस एलिट’ मांडली गेली, तेव्हा तिच्या देखण्या रूपापेक्षा मोठे नवल आत दडले होते. काही मोजके पोलादी तुकडे सोडले, तर या मोटारीला वेगळा सांगाडाच नव्हता. काचतंतूंचे कापड आणि राळ यांपासून घडविलेली फायबरग्लासची कायाच सारा भार पेलत होती. वजन जेमतेम 500 किलोच्या घरात. हे धाडस करणारे कॉलिन चॅपमन त्या वेळी तिशीही ओलांडलेले नव्हते.

लंडनजवळच्या रिचमंड येथे 19 मे 1928 रोजी जन्मलेल्या चॅपमन यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. पुढे ‘ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम’ कंपनीत नोकरी करताना बांधकामात हा हलका धातू कसा वापरता येईल, हे ग्राहकांना पटवून देणे हे त्यांचे काम होते. पहिली शर्यतीची गाडी त्यांनी जुन्या ऑस्टिन सेव्हनवर, प्रेयसी हेझल यांच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजमध्ये उभारली. हेझल यांच्याकडून घेतलेल्या 25 पौंडांच्या भांडवलावर 1952 मध्ये कंपनी सुरू झाली. तिला ‘लोटस’, म्हणजे कमळ, हे नाव का दिले, याचे उत्तर त्यांनी अखेरपर्यंत जाहीरपणे दिले नाही.

फायबरग्लासची निवड ही निव्वळ हौस नव्हती. पोलादी पत्रा दाबून आकार द्यायचा, तर अवजड प्रेस आणि महागडे साचे हवेत. हजारो गाड्या खपल्या तरच तो खर्च भरून निघतो. फायबरग्लासला साधा साचा आणि कुशल हात पुरतात. मात्र या द्रव्याचा एक स्वभावदोष आहे. पसरलेला भार ते आनंदाने झेलते, पण एकाच बिंदूवर ताण आला की फाटते. एलिटमध्ये सस्पेन्शनचे सांधे जिथे काचतंतूंत रोवले होते, तिथेच ती दगा देई. शिवाय आतला आवाज कान किटविणारा. ल मांसच्या शर्यतीत आपल्या गटात वारंवार अव्वल ठरलेली ही गाडी कंपनीला मात्र तोट्यातच घालून गेली.

चॅपमन यांनी धडा घेतला. 1962 च्या ‘एलान’मध्ये भार वाहण्याचे काम दुमडलेल्या पोलादी पत्र्याच्या कण्याकडे गेले आणि फायबरग्लास केवळ आवरण म्हणून उरले. आज ड्रिफ्टिंगसाठी गाडी सजविणारे बॉनेट आणि मडगार्ड फायबरग्लासचे बसवितात, मूळ सांगाडा मात्र पोलादीच ठेवतात. ही वाटणी एलानच्याच वळणाची म्हणावी लागेल.

त्याच वर्षी शर्यतीसाठी त्यांनी उलट वाट धरली. ‘लोटस 25’मधून नळ्यांचा सांगाडा हद्दपार झाला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांची रिव्हेट मारलेली पेटीच गाडीचा देह बनली. ती आधीच्या सांगाड्याहून हलकी, तरीही कितीतरी अधिक ताठ होती. जिम क्लार्क यांनी तिच्यावर 1963 चे विश्वविजेतेपद मिळविले. 1978 पर्यंत लोटसने उत्पादकांचे अजिंक्यपद सात वेळा पटकावले.

या हलकेपणाची किंमत चालकांनीही मोजली. 1960 मध्ये बेल्जियमच्या स्पा येथे सरावात चाक निखळून स्टर्लिंग मॉस यांचे दोन्ही पाय मोडले. 1969 मध्ये बार्सिलोनात उंच खांबांवरचे पंख कोसळले आणि लोटसच्या दोन्ही गाड्या आदळल्या. त्यातून बचावलेल्या योखेन रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहून गाडीच्या दुबळ्या भागांसाठी थोडे वजन वाढविण्याची विनंती केली होती. 5 सप्टेंबर 1970 रोजी मॉन्झाच्या सरावात पुढच्या ब्रेकची दांडी तुटली आणि रिंट गेले. कडेचा कठडा नीट बसविलेला नव्हता, हेही खरे; पण दांडी तुटली नसती, तर कठड्याशी गाठच पडली नसती. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले.

अखेरची वर्षे डीलोरियन मोटार प्रकरणाने झाकोळली. त्या कंपनीने विकासासाठी दिलेले लक्षावधी पौंड परस्पर वळविले गेले. त्यात ब्रिटिश करदात्यांचाही पैसा होता. चॅपमन यांच्या अर्थव्यवहार सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला 1992 मध्ये शिक्षा झाली. तोवर जाब देण्यास ते स्वतः उरले नव्हते.

आपली गाडी जिंकली की धावपट्टीकडे धावत जाऊन डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावण्याची त्यांची सवय होती. ती टोपी शेवटची उडाली ऑगस्ट 1982 मध्ये ऑस्ट्रियात. एलिओ दे अँजेलिस यांनी सेकंदाच्या विसाव्या भागाने ती शर्यत जिंकली. त्यांच्या गाडीचा देह ना फायबरग्लासचा होता, ना अ‍ॅल्युमिनियमचा. तो कार्बन फायबर आणि केव्हलारचा होता. चार महिन्यांनी, 16 डिसेंबर रोजी, हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. वय अवघे 54.