चार्ली चॅनचा चेहरा : वॉर्नर ओलंड

१९३० च्या दशकात अमेरिकेतील चित्रपटगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. एक बड्या नटांचा, खर्चिक. दुसरा तासा-सव्वा तासाचा, मोजक्या पैशांत उरकलेला. या दुसऱ्या पंगतीतल्या रहस्यपटांनी ज्यांना अफाट लोकप्रियता दिली, त्यांत वॉर्नर ओलंड हे नाव अग्रभागी आहे.

ओलंड यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८७९ रोजी स्वीडनमध्ये झाला. बालपणीच ते कुटुंबासह अमेरिकेत आले. रंगभूमीवर त्यांनी उमेदवारी केली. स्ट्रिंडबर्ग या स्वीडिश नाटककाराची नाटके पत्नीच्या साहाय्याने इंग्रजीत आणली. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये ते नायकाचे ज्यू वडील झाले, तर १९२९ मध्ये फू मांचू हा क्रूर चिनी खलनायक.

१९३१ मध्ये फॉक्स कंपनीने त्यांना चार्ली चॅनची भूमिका दिली. अर्ल डेर बिगर्स यांच्या कादंबऱ्यांतील हा होनोलुलूचा चिनी पोलीस अधिकारी. पिस्तुलापेक्षा निरीक्षणावर विसंबणारा, अपमान हसून गिळणारा, मोठ्या कुटुंबाचा प्रेमळ बाप. अखेरीस सर्व संशयितांना एका खोलीत जमवून तो गुन्हेगाराकडे बोट दाखवी. शेवट कसा होणार हे ठाऊक असूनही प्रेक्षक येत, ते या शांत माणसाच्या सहवासासाठी. ओलंड यांनी असे १६ चित्रपट केले. पहिल्या पाचांपैकी चार आज उपलब्ध नाहीत.

पडद्यावर चिनी माणूस बुद्धिमान आणि सभ्य दिसला, हे त्या काळात अप्रूपच होते. पण तो मान चिनी नटाला मिळाला नाही, स्वीडिश नटाला मिळाला, हा सल उरतोच. थोरल्या मुलाच्या, लीच्या भूमिकेत मात्र की लूक हे चिनी वंशाचे नट होते.

यशाबरोबर मद्याची आसक्तीही वाढत गेली. संसार मोडला. जानेवारी १९३८ मध्ये एका चित्रपटाचे काम अर्धवट टाकून ओलंड निघून गेले. ते मायदेशी परतले आणि ६ ऑगस्ट १९३८ रोजी स्टॉकहोममध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८.

तो अपुरा चित्रपट कंपनीने वाया जाऊ दिला नाही. कथेत फेरफार करून तिने तो मिस्टर मोटो या दुसऱ्या गुप्तहेराच्या नावावर पूर्ण केला. त्यात ली चॅन मोटोच्या वर्गातला विद्यार्थी म्हणून दिसतो. मुलगा पडद्यावर उरला. बाप मात्र त्या कथेतून कायमचा निघून गेला होता.