रमाबाई रानडे : नर्सिंगची वाट मोकळी करणाऱ्या वहिनी



आंबेगावच्या पश्चिम भागातली माझी एक माजी विद्यार्थिनी सध्या नर्सिंगच्या सीईटीची तयारी करतेय. दिवसा घरच्यांबरोबर हिरडा गोळा करायचा आणि रात्री जीवशास्त्राचं पुस्तक उघडायचं. तिच्या आत्याला हे पसंत नाही. रात्रपाळीची नोकरी, परक्यांची घाण काढायची, त्यासाठी कशाला शिकायचं, असं तिचं म्हणणं. वर, घरच्यांनी एवढं शिकवलं त्याची जाण ठेव, हेही आहेच. मुलीनं मला विचारलं, बाई, जाण ठेवायची म्हणजे गप्प बसायचं का? मला लगेच उत्तर सुचलं नाही. मग आठवल्या रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. (यशवंतराव चव्हाणांचं जन्मगावही हेच, मुलांना जरूर सांगा.) माहेरी मुलींना शिकवायची पद्धत नव्हती. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी झालं. नवरा विद्वान आणि वयानं वीसेक वर्षांनी मोठा, बायकोला अक्षरओळखसुद्धा नाही. रानड्यांनी लग्न होताच त्यांना पाटी-पेन्सिल दिली आणि स्वतः शिकवायला बसले.

खरी परीक्षा पुढेच होती. घरातल्या थोरल्या बायकांना सुनेचं शिकणं म्हणजे थेर वाटायचं. त्या टोमणे मारायच्या, अबोला धरायच्या. इंग्रजी शिकवायला मिशनच्या बाई येऊ लागल्या, तर त्यांना शिवली म्हणून रमाबाईंना अंघोळ करावी लागे. पुढे पुण्यात मुलींचं हायस्कूल निघावं म्हणून त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचलं, तेव्हाही घरी कौतुक राहिलं बाजूला, बोलणीच खावी लागली. रमाबाई उलट बोलल्या नाहीत. पण शिकणंही एक दिवस थांबवलं नाही. मला वाटतं, आपल्या मुलींना या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला हव्यात. आपण बहुतेक वेळा पहिली सांगून थांबतो.

1901 साली रानडे गेले. मूलबाळ नव्हतं. रमाबाई बराच काळ घराबाहेरच पडल्या नाहीत. मग हळूहळू बाहेर येऊ लागल्या, तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या, दवाखान्यांत रुग्णांना फळं, फुलं, पुस्तकं नेऊन देऊ लागल्या. 1909 मध्ये पुण्यात त्यांच्याच वाड्यात सेवासदन सुरू झालं. 1910 साली त्यांनी नवऱ्याच्या आणि स्वतःच्या संसाराच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. ज्या माणसानं हातात पाटी दिली, त्याचं ऋण त्यांनी लिहून मांडलं आणि कामातूनही फेडलं. आपल्याला जे मिळालं ते त्या काळी दुसऱ्या कुणाही विधवेला सहजी मिळत नव्हतं, हे त्या विसरल्या नाहीत.

सेवासदनात लेखन-वाचन, शिवणकाम, शिक्षिकांचं प्रशिक्षण असे वर्ग निघाले. सगळ्यात अवघड गेला तो नर्सिंगचा. चांगल्या घरच्या बाईनं परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची, ही कल्पनाच लोकांना सहन होत नव्हती. विधवेनं तर मुळीच नाही. तरी रमाबाईंनी बायकांची समजूत घातली आणि त्यांना ससून हॉस्पिटलात प्रशिक्षणासाठी पाठवलं.

एका बक्षीस समारंभात नर्सिंग शिकलेली एक विधवा पारंपरिक वेशात बक्षीस घ्यायला पुढे आली. गॅलरीतली कॉलेजची मुलं तिला पाहून खिदळू लागली. जिनं घरच्या थोरल्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं, त्या रमाबाई बोलायला उठल्या आणि त्या मुलांना चांगलंच फैलावर घेतलं. स्वतःला विद्यार्थी म्हणवता आणि अशी वागणूक करता, याची लाज वाटत नाही का, असं त्यांनी विचारलं. अशी एखादी आत्या, मावशी, बहीण प्रत्येकाच्या घरी आहे, याचीही आठवण करून दिली. सभा गप्प झाली.

स्वतःसाठी सोसलं, पण दुसरीची थट्टा सोसली नाही. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात हाच प्रसंग मोठा वाटतो.

उतारवयातही त्या आषाढी-कार्तिकीला सेवासदनाच्या बायकांना घेऊन आळंदीला जायच्या, यात्रेतल्या बायाबापड्यांची सोय बघायच्या. 1924 साली त्या वारल्या. पुण्याच्या लक्ष्मी रोडवरून जाताना मुलांना सेवासदनाची इमारत जरूर दाखवा.

ही हकिकत मी त्या मुलीला फोनवर सांगितली. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, बाई, हे आमच्या आत्याला तुम्हीच सांगा ना, माझं ती ऐकत नाही. येत्या रविवारी त्यांच्या वाडीवर जायचं ठरवलंय.