रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (जन्म : मुरूड, रत्नागिरी जिल्हा, १४ जानेवारी १८८२; मृत्यू : १४ ऑक्टोबर १९५३) हे गणिताचे प्राध्यापक, भारतातील संततिनियमनाचे आद्य प्रचारक आणि 'समाजस्वास्थ्य' या मराठी मासिकाचे संस्थापक-संपादक होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ पुत्र. १९१९मध्ये गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. तेथील वास्तव्याने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. परतल्यावर १९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातील अशा प्रकारचे हे पहिले केंद्र मानले जाते.

बालपण आणि शिक्षण

रघुनाथरावांचा जन्म कोकणातील मुरूड या गावी झाला. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१मध्ये, त्यांची आई राधाबाई यांचा बाळंतपणात मृत्यू झाला. त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. पुढे १८९३मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि त्यापायी त्यांना सामाजिक बहिष्कार सोसावा लागला. एखादे मत मान्य करायचे तर त्याची किंमतही मोजावी लागते, हे रघुनाथरावांनी शाळकरी वयातच घरात पाहिले होते.

त्यांचे शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. १८९९च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. त्याच वर्षी त्यांच्या नात्यातले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाले होते. महाराष्ट्रात गणितातील कर्तबगारी तेव्हापासून केंब्रिजशी जोडली गेली. १९०४मध्ये रघुनाथराव फर्ग्युसनमधून गणित घेऊन बी.ए. झाले आणि वडिलांप्रमाणेच अध्यापनाकडे वळले.

मालतीबाई या त्यांच्या पत्नी. या दांपत्याने मूल होऊ न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता. लोकांना जे सांगायचे ते आधी स्वतःच्या घरात आचरायचे, ही शिस्त त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली.

पॅरिसमधील अभ्यास

पॅरिसला गेले तेव्हा कर्वे सदतीस वर्षांचे होते. या वयात पुन्हा विद्यार्थी होणे सोपे नव्हते, आणि त्यांनी निवडलेले ठिकाणही नेहमीचे नव्हते. मराठी विद्यार्थी परदेशी जात ते मुख्यतः इंग्लंडला. तेथील पदवीला सरकारी नोकरीत मान होता आणि भाषेचा प्रश्न नव्हता. पॅरिसमध्ये व्याख्याने, पाठ्यपुस्तके, परीक्षा सारे फ्रेंचमधून होते. मात्र गणितासाठी त्या काळात पॅरिससारखे ठिकाण विरळाच. एमील पिकार, एमील बोरेल, झाक आदामार यांसारखे गणिती तेव्हा तेथे कार्यरत होते. कर्वे यांनी गणितातील पदविका मिळवली आणि फ्रेंच भाषेवर प्रभुत्वही संपादन केले. कर्वे घराण्यातील पुढच्या मंडळींनीही युरोप खंडातील विद्यापीठांची वाट धरली. सावत्र बंधू दिनकर जर्मनीत रसायनशास्त्र शिकले आणि दिनकररावांच्या पत्नी इरावती कर्वे यांनी बर्लिनला मानववंशशास्त्राचा अभ्यास केला.

फ्रेंच येऊ लागल्याने कर्वे यांच्यापुढे एक वेगळेच ग्रंथभांडार खुले झाले. लैंगिक प्रश्न, गर्भप्रतिबंध आणि गुप्तरोग या विषयांवरील शास्त्रीय साहित्याचा त्यांनी तेथे अभ्यास केला. फ्रान्समधील परिस्थितीही विचार करायला लावणारी होती. युरोपातील इतर देशांच्या पुष्कळ आधी, एकोणिसाव्या शतकातच, फ्रान्समधील जन्मप्रमाण घसरू लागले होते. कोणत्याही सरकारी मोहिमेशिवाय आणि चर्चच्या शिकवणुकीविरुद्ध जाऊन सामान्य शेतकरी व कारागीर कुटुंबांनी मुलांची संख्या मर्यादित ठेवली होती. पॉल रोबँ यांनी १८९६मध्ये स्थापन केलेल्या संघटनेने या विचाराचा उघड प्रचारही केला होता.

पण कर्वे पोहोचले तो फ्रान्स पहिल्या महायुद्धातून नुकताच बाहेर पडला होता. युद्धात सुमारे तेरा-चौदा लाख फ्रेंच सैनिक मरण पावले होते आणि देशाला लोकसंख्या वाढवण्याची निकड वाटत होती. ३१ जुलै १९२० रोजी तेथे कायदा झाला आणि गर्भप्रतिबंधक साधनांचा प्रचार हा गुन्हा ठरला. निरोध तेवढे विक्रीस राहिले, कारण ते गुप्तरोगापासून संरक्षण देत. हा कायदा १९६७पर्यंत टिकला. म्हणजे ज्या देशातील वाचनाने कर्वे यांच्या विचाराला बळ दिले, त्याच देशात त्या विचाराचा प्रचार करणे दंडनीय ठरले. पॅरिसला गेल्यामुळे ते पाश्चात्त्य विचारांचे झाले, असे त्यांचे टीकाकार म्हणत. ते म्हणणे या पार्श्वभूमीवर फारसे टिकत नाही.

संततिनियमन केंद्र आणि प्राध्यापकपदाचा त्याग

परतल्यावर कर्वे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवत होते. १९२१मध्ये त्यांनी केंद्र सुरू केले. लंडनमधील मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी मार्चमध्ये उघडले. दोन्ही कामांत एक मोठा फरक होता. स्टोप्सबाईंच्या पाठीशी त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाचे नाव होते. कर्वे यांच्याजवळ प्राध्यापकाचा पगार आणि पत्नीची साथ यापलीकडे काही नव्हते. १९२३मध्ये त्यांचे 'संततिनियमन' हे पुस्तक निघाले.

विल्सन महाविद्यालय ख्रिस्ती मिशनचे होते. आपल्या प्राध्यापकाने या विषयावर उघड बोलावे व लिहावे, हे चालकांना मान्य नव्हते. नोकरी की प्रचार, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा कर्वे यांनी राजीनामा दिला. ज्या विद्येसाठी ते पॅरिसला गेले होते, तिच्यावर उपजीविका करण्याचा मार्ग असा बंद झाला. त्यानंतर संसाराचा मोठा भार मालतीबाईंच्या मिळकतीवर पडला. कर्वे यांच्या कार्याविषयी लिहिताना त्यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो, हे अन्यायाचे आहे.

समाजस्वास्थ्य

'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक जुलै १९२७मध्ये प्रसिद्ध झाला. संपादन, बरेचसे लेखन आणि पदरचा खर्च हे सारे कर्वे यांचेच असे. 'शारदेची पत्रे' हे सदर ते स्त्रीच्या भूमिकेतून टोपणनावाने लिहीत. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते नेमकी, शास्त्रीय उत्तरे देत. जिला ही माहिती विचारायला घरात किंवा दवाखान्यात कोणी नव्हते, अशा स्त्रीला ती मराठीत आणि आडपडदा न ठेवता मिळावी, यात या मासिकाचे खरे महत्त्व होते. मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीच्या चित्रावरून गदारोळ झाला, तरी कर्वे बधले नाहीत. संततिनियमनाबरोबरच स्त्रियांचा कामसुखावरील हक्क, धर्मश्रद्धेची चिकित्सा, आहार अशा विषयांवरही ते लिहीत. 'आधुनिक कामशास्त्र' (१९३४) हे त्यांचे सर्वांत परिचित पुस्तक होय.

खटले

'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल १९३१मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४मध्ये दुसरा खटला उभा राहिला. त्यात कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लैंगिक विषयावरील लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही आणि विकृती दूर व्हायची तर ती ज्ञानानेच होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. या वेळी दंड २०० रुपये झाला. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १९३८मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला, तोही फेटाळला गेला. कृत्रिम साधनांना महात्मा गांधींचा विरोध होता व ते आत्मसंयमाचा पुरस्कार करीत. त्यामुळे राष्ट्रीय चळवळीच्या मुख्य प्रवाहातूनही कर्वे यांना आधार मिळाला नाही. रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी मात्र हे काम पुढे निष्ठेने केले.

अखेर

१९५२मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवरील तो जगातील पहिला कार्यक्रम होता. पुढील वर्षी १४ ऑक्टोबरला कर्वे यांचे निधन झाले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३चा आहे.

य. दि. फडके यांनी कर्वे यांचे चरित्र लिहिले आहे आणि डॉ. अनंत देशमुख यांनी त्यांचे असंग्रहित लेखन संपादित केले आहे. अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' (२००१) हा चित्रपट कर्वे दांपत्याच्या जीवनावर, तर अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक त्यांच्यावरील खटल्यांवर आधारलेले आहे. अतुल पेठे यांनी ते रंगभूमीवर आणले.