जे. स्केली राइट

जेम्स स्केली राइट (१४ जानेवारी, १९११ – ६ ऑगस्ट, १९८८) हे अमेरिकेतील संघीय न्यायाधीश होते. शाळांतील वंशभेद मोडणारे आदेश आणि हप्त्यांवरील खरेदीच्या तारण करारांसंबंधीचा १९६५ मधील निकाल यांसाठी ते ओळखले जातात.

राइट यांचा जन्म न्यू ऑर्लिन्स येथे झाला. तेथील लॉयोला विद्यापीठातून त्यांनी १९३४ मध्ये कायद्याची पदवी मिळवली. १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी त्यांना लुइझियानातील जिल्हा न्यायालयावर नेमले. त्यांच्या आदेशांमुळे नोव्हेंबर १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्समधील गोऱ्यांच्या दोन शाळांत चार कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश मिळाला; मात्र त्यानंतर शहरातील जुन्या परिचितांनी त्यांच्याशी संबंध तोडले. १९६२ मध्ये ते राजधानी वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयात रुजू झाले.

वॉकर-थॉमस खटला

वॉशिंग्टनमधील वॉकर-थॉमस ही फर्निचर कंपनी हप्त्यांवर माल विकत असे. तिच्या छापील करारानुसार ग्राहकाचा प्रत्येक हप्ता आजवर घेतलेल्या सर्व वस्तूंच्या खात्यांत विभागून जमा होई. परिणामी संपूर्ण बाकी फिटेपर्यंत एकही वस्तू ग्राहकाच्या मालकीची होत नसे. सरकारी मदतीचे मासिक २१८ डॉलर एवढेच उत्पन्न असलेल्या, सात मुलांच्या आईने १९६२ मध्ये ५१४.९५ डॉलरचा स्टिरिओ संच घेतला. तोवरची तिची बाकी केवळ १६४ डॉलर होती. हप्ता थकताच कंपनीने डिसेंबर १९५७ पासून विकलेल्या सर्व वस्तूंच्या ताब्यासाठी दावा लावला.

कनिष्ठ न्यायालयांना हा व्यवहार निंद्य वाटला, तरी करार रद्द करण्यास कायद्याचा आधार सापडला नाही. राइट यांना तो सापडला. एका पक्षाला निवडीची खरी संधी नसेल आणि अटी दुसऱ्याच्या अवाजवी फायद्याच्या असतील, तर केवळ सही आहे म्हणून न्यायालयाने करार अमलात आणू नये, असे त्यांनी ठरवले. मात्र या करारावर अंतिम निर्णय न देता, वस्तुस्थितीच्या तपासणीसाठी त्यांनी प्रकरण खाली परत पाठवले. हा भाग अनेकदा विसरला जातो. न्यायाधीश डॅनाहर यांनी भिन्नमत नोंदवले. अशा हस्तक्षेपाने गरिबांना उधारी मिळणेच कठीण होईल, अशी टीका या निकालावर पुढेही होत राहिली.

१९७० च्या जाव्हिन्स खटल्यात राइट यांनी हाच ग्राहकविचार भाडेकरूंना लागू केला आणि घर राहण्यायोग्य ठेवण्याची हमी भाडेकरारातच अभिप्रेत असल्याचे मानले. १९७८ ते १९८१ या काळात ते मुख्य न्यायाधीश होते. घरगुती वस्तूंवरील, त्यांच्या खरेदीशी संबंध नसलेल्या कर्जांसाठीच्या तारणावर संघीय व्यापार आयोगाने घातलेले निर्बंध त्यांच्या हयातीतच, १९८५ मध्ये, लागू झाले.