विश्लेषण : चवदार तळ्याचा खटला एका इंग्रजी शब्दापाशी कसा येऊन ठेपला?

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना घेता येईल का, हा वाद १९२७ ते १९३७ अशी सुमारे दहा वर्षे न्यायालयात चालला. त्याचा निकाल लागला तो ‘इमेमोरियल’ या इंग्रजी शब्दाच्या अर्थावर. या खटल्यात प्रतिवादी होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांची इंग्रजी कशी घडली आणि महाडमध्ये तिचा काय उपयोग झाला, ते पाहू.

इंग्रजीचे पहिले शिक्षक कोण?

वडील, सुभेदार रामजी सकपाळ. घराण्याचे मूळ गाव आंबडवे, ता. मंडणगड, म्हणजे महाडचा शेजारच. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. १८९१ मध्ये महू येथे जन्मलेल्या भीमरावांकडून त्यांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. भाषांतर करताना शब्दाचा ढोबळ अर्थ पुरत नाही, वाक्यात नेमका बसणारा शब्द शोधावा लागतो. ती सवय घरातच लागली. पुस्तकांसाठी पैसे नसले की रामजी विवाहित मुलींकडून उसनवारी करत.

शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून भीमरावांनी फारसी घेतली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्राबरोबर कायदाही शिकले आणि बॅरिस्टर झाले.

महाडमध्ये काय घडले?

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केले, पण कागदावरच. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. तिचे एक प्रमुख संघटक होते दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठीही झगडावे लागले होते. २० मार्चला आंबेडकरांनी तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून शेकडो जणांनी ओंजळी भरल्या. त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. त्याआधीच काही सवर्ण रहिवाशांनी दावा दाखल करून तात्पुरती मनाई मिळवली. न्यायालयाचा मान राखून आंबेडकरांनी तळ्यावर जाणे पुढे ढकलले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन मात्र झाले.

‘इमेमोरियल’ म्हणजे नेमके काय?

या शब्दाच्या मुळाशी स्मृतीसाठीचा लॅटिन शब्द आहे. इमेमोरियल म्हणजे माणसाच्या आठवणीपलीकडचे, स्मरणातीत. बोलताना आपण ‘पूर्वापार’ किंवा ‘वाडवडिलांपासून’ असे सहज म्हणतो. कायद्यात मात्र हा शब्द वापरणाऱ्यावर पुराव्याचे ओझे येते. इंग्लंडच्या कायद्याने तर स्मरणाची सीमाच आखली आहे : सन ११८९.

वादींचे म्हणणे होते की, तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी ते वापरायचे नाही ही स्मरणातीत रूढी आहे. पण तळे नगरपालिकेचे आहे, हेच न्यायालयांत टिकले. राहिली रूढी. महाडच्या न्यायालयात १९३१ मध्ये आणि ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये वादी हरले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनीही त्यांचे अपील फेटाळले. अस्पृश्य तळ्यावर येत नसत, याचा पुरावा अलीकडच्या काळापुरता होता. तेवढ्याने रूढी स्मरणातीत ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

निकालाची मर्यादा कोणती?

रूढी सिद्धच न झाल्याने ती न्याय्य आहे की अन्याय्य, हे ठरवण्याची न्यायालयाला गरज पडली नाही. म्हणजे प्राचीन रूढीचा भक्कम पुरावा कुणी आणला असता, तर पाण्याचा हक्क पुन्हा वादात सापडला असता. शब्दाचा अर्थ बाजूने लागला, तरी हक्क त्या अर्थावर टांगलेलाच राहिला.

मग हक्क पक्का कधी झाला?

१९४७ मध्ये आंबेडकर संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट आणि रस्ते यांची नावे स्वतंत्रपणे लिहिली आहेत. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांसाठी खुल्या केलेल्या या जागांवर जातीच्या कारणाने कुणालाही अडवता येत नाही. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. आता रूढी किती जुनी, हा प्रश्नच उरला नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी आंबेडकरांचे निधन झाले. आज महाड-पोलादपूरचे विद्यार्थी मोबाइलवर इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करतात. त्यांत ‘इमेमोरियल’समोर ‘अतिप्राचीन’ असा अर्थ दिसेल. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतील. पण हा शब्द वापरला की काय सिद्ध करावे लागते, हे चवदार तळ्याचा निकाल वाचल्यावर कळते.