सैनिकाच्या घरातला व्हायोलिनवादक

चेन्नई म्हटलं की आम्हा कॅडेट्सना पहिली आठवते ती तिथली ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी. गेल्या सुट्टीपासून मला मात्र त्या शहराबरोबर आणखी एक नाव आठवतं. ते म्हणजे द्वारम वेंकटस्वामी नायडू. आजोबांच्या तिकिटांच्या वहीत त्यांच्या जन्मशताब्दीला, १९९३ साली निघालेलं पोस्टाचं तिकीट होतं. हे कोण, असं मी विचारलं. हे मोठे व्हायोलिनवादक होते आणि त्यांना फारच कमी दिसायचं, एवढंच आजोबांनी सांगितलं. त्याआधी पंधराच दिवस वैद्यकीय तपासणीत मला चष्मा लागला होता. सहावीपासून मनात धरलेलं फायटर पायलट होण्याचं स्वप्न संपलं, असं समजून मी घरात कोणाशी नीट बोलतही नव्हतो. म्हणून मी या माणसाची माहिती शोधून वाचली.

द्वारम यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८९३ रोजी, दिवाळीच्या दिवशी, बंगळूरला झाला. वडील सैन्यात अधिकारी होते. निवृत्तीनंतर ते कुटुंब विशाखापट्टणमला स्थायिक झालं. दृष्टी अधू असल्यामुळे द्वारम यांचं शालेय शिक्षण फार पुढे गेलं नाही. थोरले बंधू वेंकटकृष्णय्या यांनी त्यांच्या हाती व्हायोलिन दिलं आणि तेच त्यांचे पहिले गुरू झाले.

व्हायोलिन हे मुळात युरोपातलं वाद्य. दक्षिणेत ते साधारण दोनशे वर्षांपूर्वी रुजलं. तंजावरचे आपले मराठी राजे सरफोजी यांच्या दरबारातल्या चार भावांपैकी वडिवेलू हे सुरुवातीच्या व्हायोलिनवादकांपैकी एक होते. युरोपात हे वाद्य हनुवटीखाली धरून वाजवतात. कर्नाटक संगीतात वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतो आणि दुसरी बाजू छातीला लावतो. त्यामुळे डावा हात मोकळा राहतो आणि बोटं तारेवर सहज घसरवता येतात. सतारीला असतात तसे पडदे व्हायोलिनला नसतात. बोट केसभर सरकलं तरी सूर चुकतो आणि कुठे दाबायचं हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. ते कानालाच कळतं. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की द्वारम यांना अगदी योग्य वाद्य मिळालं. पण नुसत्या चांगल्या कानाने काही होत नाही. त्यामागे अनेक वर्षांचा रियाज होता. पाश्चात्त्य वादकांचं गज चालवण्याचं तंत्रही त्यांनी अभ्यासलं. लांब, भरदार गज ही पुढे त्यांची ओळख झाली.

१९१९ साली विजयनगरमच्या महाराजांनी संगीत महाविद्यालय सुरू केलं. तिथले पहिले प्राचार्य आदिभट्ल नारायण दास हे प्रसिद्ध हरिकथाकार होते. हरिकथा म्हणजे आपल्या कीर्तनासारखाच प्रकार. द्वारम तिथे विद्यार्थी म्हणून प्रवेश घ्यायला गेले होते. त्यांचं वादन ऐकून नारायण दासांनी त्यांना विद्यार्थी म्हणून नाही, तर व्हायोलिनचे प्राध्यापक म्हणून घेतलं! तेव्हा ते पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते. १९३६ साली ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. शाळा अर्धवट सुटलेला मुलगा प्राचार्यांच्या खुर्चीत बसला. त्यांच्या घरातली आणि शिष्यांची पुढची पिढीही व्हायोलिन वाजवत आणि शिकवत राहिली.

त्या काळी मैफलीत व्हायोलिनचं काम साथ करण्याचं असे. गायक पुढे जाणार आणि व्हायोलिन त्याच्या मागोमाग. द्वारम यांनीही मोठमोठ्या गायकांना साथ केली. मग १९३८ साली वेल्लोरला त्यांनी व्हायोलिनची स्वतंत्र मैफल केली. गायक नाही, मध्यभागी फक्त व्हायोलिन. आज यात काही विशेष वाटत नाही, पण रांगेत मागे चालणाऱ्याने पुढे येऊन तुकडीची कमान घ्यावी, तसं ते होतं. मला वाटतं, इतकी वर्षं दुसऱ्याच्या मागे नेमकं चालल्यामुळेच त्यांना पुढे चालणं जमलं असावं. परेडच्या मैदानावर आम्ही हेच शिकतो, फक्त तेव्हा कंटाळा येतो.

चेन्नईने, म्हणजे तेव्हाच्या मद्रासने, त्यांचा मोठा मान केला. १९४१ साली मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने त्यांना संगीत कलानिधी ही पदवी दिली. कर्नाटक संगीतात हा फार मोठा सन्मान समजला जातो. १९५२ साली जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन भारतात आले, तेव्हा त्यांनीही द्वारम यांचं वादन ऐकलं आणि मनापासून दाद दिली. पुढे १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९५७ साली पद्मश्री मिळाली. दिल्लीत दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरिताही त्यांनी वादन केलं. मला हे सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठं वाटतं. २५ नोव्हेंबर १९६४ रोजी त्यांचं निधन झालं.

हे सगळं वाचून माझ्या चष्म्याचा नंबर काही कमी झाला नाही. पायलट होता येईल की नाही, तेही अजून ठरलेलं नाही. पण एक गोष्ट मी ताडून पाहिली. डोळे अधू आहेत म्हणून द्वारम यांनी किती वर्षं वाया घालवली, हे मी त्यांच्या आयुष्यात शोधत होतो. मला एकही वर्ष सापडलं नाही. मी मात्र सुट्टीतले पंधरा दिवस रुसून घालवले होते.

सैन्यात विमानाखेरीजही पुष्कळ कामं आहेत. त्यातलं एखादं मला चेन्नईच्या अकॅडमीपर्यंत नेईल. डिसेंबरमध्ये त्या शहरात संगीताचा मोठा हंगाम असतो. सुट्टी मिळाली तर व्हायोलिनची एक मैफल ऐकायची, हे मी आताच ठरवून ठेवलं आहे. आजोबांनाही सोबत न्यायचं आहे.